दुर्गम भागांतील कर्णशस्त्रक्रिया

रुग्णालयांपासून दूर असलेल्या डोंगराळ, अरण्यमय किंवा विरळ वस्तीच्या प्रदेशांतील रुग्णांना कानावरील शस्त्रक्रियेचा लाभ मिळावा, यासाठी शस्त्रवैद्य, उपकरणे व शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा ही तेथपर्यंत नेण्याची व्यवस्था. या व्यवस्थेत मुख्यत्वे चिरकारी (दीर्घकालीन) मध्यकर्णशोथावर, म्हणजे लोकभाषेतील ‘कान वाहणे’ या विकारावर, उपचार केले जातात.

घशातून मध्यकर्णात जाणारी यूस्टाचियन नलिका लहान मुलांत आखूड व बरीच आडवी असते. त्यामुळे सर्दीपडशानंतर जंतू मध्यकर्णात सहज शिरतात, तेथे पू साठतो व कर्णपटल (कानाचा पडदा) फुटतो. बहुतेकदा हे छिद्र आपोआप बुजते. दाटीची घरे, कुपोषण, चुलीचा धूर व वारंवार होणारे संसर्ग असतील, तेथे ते पुष्कळदा बुजत नाही. कान फारसा दुखत नसल्याने घरचे लोक तेल सोडण्यापलीकडे काही करीत नाहीत, आणि कमी ऐकू येणारे मूल शाळेत मंदबुद्धीचे ठरते. काही रुग्णांत मध्यकर्णात त्वचेच्या पेशींची गाठ (कोलेस्टिॲटोमा) वाढून हाड झिजवते. तिच्यामुळे चेहऱ्याचा पक्षाघात, मस्तिष्कावरणशोथ किंवा मेंदूतील गळू होऊन मृत्यूही ओढवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये घेतलेल्या तज्ञांच्या बैठकीत, एखाद्या समाजात या विकाराचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असल्यास तो तातडीचा सार्वजनिक आरोग्यप्रश्न मानावा, असे ठरले. ऑस्ट्रेलियातील काही आदिवासी वस्त्यांत ही मर्यादा कितीतरी ओलांडलेली आढळते.

कर्णपटलाचे छिद्र बुजवण्याची आधुनिक शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकात व्हुलस्टाइन व त्सोल्नर या जर्मन शस्त्रवैद्यांनी रूढ केली. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक उपलब्ध झाला. रोपणासाठी पुढे कानाच्या वरील शंखक स्नायूचे पातळ आवरण वापरले जाऊ लागले. रोपणद्रव्य रुग्णाच्याच शरीरातून मिळते, प्रौढांमध्ये स्थानिक बधिरीकरण पुरते आणि सूक्ष्मदर्शक सुटा करून पेटीत भरता येतो. त्यामुळे ही नाजूक शस्त्रक्रिया, वाटते त्यापेक्षा प्रवासाला सोयीची आहे. लहान मुलांना मात्र सार्वदेहिक बधिरीकरण द्यावे लागते व त्यासाठी वेगळा तज्ञ बरोबर असावा लागतो.

भारतात या कल्पनेला चाके मिळाली ती ‘जीवनरेखा एक्सप्रेस’मुळे. मुंबईतील इंपॅक्ट इंडिया प्रतिष्ठानाने भारतीय रेल्वेच्या सहकार्याने १६ जुलै १९९१ रोजी ही रुग्णालयगाडी सुरू केली. डब्यांतच शस्त्रक्रियागृह असलेली ही गाडी ग्रामीण भागातील एखाद्या स्थानकावर काही आठवडे उभी राहते. मोतीबिंदू, दुभंगलेला ओठ व अस्थिव्यंग यांबरोबर मध्यकर्णावरील शस्त्रक्रियाही तीत विनामूल्य होतात. अर्थात रूळ जेथे संपतात, तेथून पुढचे अंतर रुग्णालाच कापावे लागते.

नेपाळमध्ये १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तपासलेल्या १५,८४५ व्यक्तींवरून १६·६ टक्के लोकांत श्रवणदोष व ७·४ टक्के लोकांत कर्णपटलाचा विकार असल्याचा अंदाज करण्यात आला. तेथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटन-नेपाळ कर्णसेवा संस्थेने देशाच्या पश्चिम भागातील नेपाळगंज येथे शस्त्रक्रिया शिबिरे भरवली. शस्त्रक्रियांइतकेच तिचे महत्त्वाचे काम म्हणजे स्थानिक तरुणांना कर्णसाहाय्यक म्हणून दिलेले शिक्षण. वाहता कान पुसून कोरडा करणे, थेंब घालणे व शस्त्रक्रियेस योग्य रुग्ण निवडणे ही कामे हे साहाय्यक करतात. पुष्कळ कान एवढ्यानेच कोरडे होतात. शिवाय कोरड्या कानावरील रोपण अधिक भरवशाचे समजले जाते.

शिबिरपद्धतीचे मर्म येथेच आहे. शस्त्रक्रिया एक-दोन तासांत उरकते, पण टाके साधारणतः आठवड्याने काढायचे असतात, कानात पाणी जाऊ न देण्याची काळजी कित्येक आठवडे घ्यावी लागते आणि रोपण टिकले की नाही, ऐकणे सुधारले की नाही, हे दोन-तीन महिन्यांनीच कळते. तोवर पथक परतलेले असते. पुढील तपासणीस अनेक रुग्ण येतच नाहीत. त्यामुळे शिबिरांच्या यशाचे आकडे सावधपणेच वाचले पाहिजेत. या अडचणीचा परिणाम शस्त्रक्रियेच्या निवडीवरही होतो. कोलेस्टिॲटोमा काढताना कर्णनलिकेची मागील भिंत शाबूत ठेवल्यास कानाची रचना टिकते, परंतु गाठ पुन्हा उद्भवली आहे का, हे पाहण्यासाठी बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. जो रुग्ण पुन्हा भेटण्याची शाश्वती नाही, त्याची ही भिंत काढून पोकळी बाहेरून दिसेल अशी मोकळी ठेवणे अधिक सुरक्षित मानतात. तीही अधूनमधून साफ करावी लागतेच. ते काम शिकलेला साहाय्यक करू शकतो.

अलास्कात अनेक गावी केवळ लहान विमानानेच पोहोचता येते. तेथील ग्राम-आरोग्यसाहाय्यक कर्णपटलाचे चित्र टिपून अँकरेज येथील तज्ञांकडे पाठवतात. कर्णपटलात नळ्या बसवलेल्या मुलांची पुढील तपासणी अशा चित्रांवरून प्रत्यक्ष तपासणीइतकीच विश्वसनीय ठरल्याचे अभ्यासांत दिसून आले आहे.

भारत सरकारने बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर या आदिवासीबहुल भागात झाला. त्यात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत मध्यकर्णशोथ व श्रवणदोष यांचा समावेश आहे. तपासणीत सापडलेल्या मुलाला शस्त्रक्रियेसाठी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले जाते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला मुलाबरोबर तेथे मुक्कामास राहणे परवडत नाही, हे ध्यानात घेऊन जाण्यायेण्याचा व निवासाचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरला जावा, अशी या क्षेत्रातील अनेक कार्यकर्त्यांची मागणी असते.