बर्लिनची भुयारी गाडी व नवखा प्रवासी

परक्या शहरांत उतरलेल्या माणसास पहिली चिंता पडते ती जावयाचें कसें, ही. बर्लिनमध्यें गेलेल्या पाहुण्यास मात्र आरंभीं कोणी अडवीतच नाहीं. तेथील भुयारी स्टेशनाच्या तोंडाशीं फाटक नसतें, तिकीट विचारणारा माणूस नसतो. जिना उतरला कीं प्रवासी थेट फलाटावर येतो. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यास यांत नवल वाटणार नाहीं. पण मुंबईस तिकीट काढलें कीं काम संपतें, बर्लिनला तें अर्धेंच होतें.

उरलेलें अर्धें काम एका लहानशा यंत्राचें. खिडकींतून किंवा यंत्रांतून घेतलेलें कागदी तिकीट, त्यावर वेळ छापलेली नसल्यास, या यंत्राच्या फटींत घालून त्यावर वेळेचा छाप उठवून घ्यावा लागतो. छाप नसलेलें तिकीट हें तिकीटच नव्हे. साध्या पोशाखांतील तपासनीस अवचित गाडींत चढतात, आणि अशा तिकिटाबद्दल 60 युरो दंड होतो. ‘आम्हांस नियम ठाऊक नव्हता’ ही सबब सहसा चालत नाहीं. मोबाइलवर तिकीट घेणाऱ्यानेंहि तें गाडींत पाऊल टाकण्यापूर्वींच घेतलें पाहिजे.

भाड्यासाठीं शहराचे तीन भाग केले आहेत. सुमारें 37 किलोमीटर लांबीच्या वर्तुळाकार रेल्वेच्या आंतील तो ‘अ’. तेथून शहराच्या हद्दीपर्यंत ‘ब’. आणि विमानतळ व पोट्सडाम ज्यांत येतात तो बाहेरचा ‘क’. शहरांत हिंडण्यास ‘अ-ब’ तिकीट पुरतें. विमानतळासाठीं तिन्ही भागांचें हवें. एकेरी तिकिटावर दोन तास आगगाडी, ट्राम, बस यांतून हवें तितक्या वेळां बदलून जातां येतें. मात्र त्याच तिकिटावर माघारीं येतां येत नाहीं.

हें सारें एका प्रवासानें अधिक स्पष्ट होईल. शहराच्या मध्यावरील फ्रीड्रिखस्ट्रासे स्टेशनावरून नैर्ऋत्येकडील डालेम उपनगरास जावयाचें आहे असें धरूं. भुयारी गाडीस तेथें ‘उ-बान’ म्हणतात, आणि तिच्या मार्गांना क्रमांक आहेत. क्रमांक कळला म्हणजे दिशा कळली असें नव्हे. फलाटावरील पाटीवर शेवटच्या स्टेशनाचें नांव असतें, तें वाचावयाचें. येथें उ-6 ची आल्ट-मारीनडोर्फकडे जाणारी गाडी धरून हालेशेस टोर येथें उतरावें. जिना चढून वर गेलें कीं कालव्याच्या कांठानें उंच खांबांवरून धांवणारा मार्ग लागतो. 1902 सालीं बर्लिनची उ-बान सुरू झाली ती याच मार्गानें. त्याच फलाटावर उ-1 व उ-3 या दोन्ही गाड्या येतात. क्रुमे लांकेची पाटी असलेली उ-3 तेवढी डालेमला जाते.

डालेम-डोर्फचें स्टेशन 1913 सालचें. त्याचें छप्पर गवतानें शाकारलेलें, एखाद्या खेड्यांतील घरासारखें. 1930 पूर्वींच्या वर्षांत इरावती कर्वे यांनीं मानववंशशास्त्राचें संशोधन केलें तें याच डालेममधील संस्थेंत. त्या काळींहि हा मार्ग चालू होता.

या प्रवासाचा पहिला टप्पा अवघ्या कांहीं मिनिटांचा. पण 13 ऑगस्ट 1961 रोजीं शहराची वांटणी करणारी सरहद्द बंद झाली, तेव्हां तो निराळाच झाला. उ-6 चीं दोन्ही टोकें पश्चिम बर्लिनमध्यें होतीं व मधला भाग पूर्व बर्लिनच्या खालून जात होता. पश्चिमेच्या गाड्या तेथून धांवत, परंतु फ्रीड्रिखस्ट्रासेखेरीज मधल्या एकाहि स्टेशनावर थांबत नसत. आजच्या प्रवाशास लागणारें श्टाटमिटे त्यांपैकींच एक. मंद उजेडांत रिकामे फलाट आणि त्यांवरील सशस्त्र पहारेकरी तेवढे प्रवाशांच्या दृष्टीस पडत. लोक त्यांना ‘भुतांचीं स्टेशनें’ म्हणत. फ्रीड्रिखस्ट्रासेवरून पश्चिमेस परतणाऱ्यांना निरोप देण्याची जी इमारत होती, तिचें नांव ‘अश्रूंचा महाल’ पडलें. आज तेथें संग्रहालय आहे. 9 नोव्हेंबर 1989 रोजीं भिंत खुली झाली, आणि पुढल्या वर्षीं या मार्गावरील बंद स्टेशनें पुन्हां उघडलीं.

जवळजवळ एकोणतीस वर्षें जेथें गाडीचें दार उघडत नसे, तेथें आज कोणीहि चढतो, कोणीहि उतरतो. दार मात्र कित्येक गाड्यांत आपोआप उघडत नाहीं. बटण दाबावें लागतें. नवखा प्रवासी कधीं कधीं त्यापुढें वाट पाहत उभा राहतो, आणि मागचा एखादा बर्लिनकर न बोलतां हात पुढें करून तें दाबतो. येथें प्रवाशाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्यास आंत घेतलें जातें. तिकिटावरील तो छाप म्हणजे पाहुण्यानें त्या विश्वासास दिलेलें उत्तर होय.