खोकल्याच्या क्षणभर आधी

खोकल्याची उबळ बाहेर पडण्याआधीच निरोगी शरीरात एक गोष्ट घडून गेलेली असते. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणलेले स्नायू आवळले जातात आणि मूत्रमार्ग मिटतो. त्यांना कुणी सांगितलं खोकला येणार म्हणून? आपण तर नाही!

बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, वयाबरोबर सैलावतात. मग शिंकलं, हसलं, पाण्याची बादली उचलली की थेंब सुटतात. अमेरिकेतले डॉक्टर जॉन डीलॅन्सी यांनी १९९४ मध्ये याचं कारण फार सुरेख समजावलं. वाहती रबरी नळी फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला, तर धार थांबते. चिखलात ठेवून दाबली, तर नळी रुतते आणि पाणी वाहतच राहतं. म्हणजे मूत्राशय धडधाकट असूनही खालची जमीनच मऊ पडलेली असू शकते. आणि त्या जमिनीत स्नायू आहेत, म्हणजे ती कमावता येते!

डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी हे १९४८ मध्येच मांडलं होतं. न दिसणारा स्नायू किती आवळला, हे बाईला काट्यावर दाखवणारं यंत्र त्यांनी बनवलं. आपल्याकडे हठयोगप्रदीपिकेतला मूलबंध याच भागाचं आकुंचन सांगतो. आणि लोणावळ्यात योगाचे संशोधक स्वामी कुवलयानंद १९२४ मध्ये नौलीच्या, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या क्रियेच्या, वेळी पोटातला दाब यंत्राने मोजत होते.

पण मला थक्क करतो तो १९९८ चा मिशिगनमधला प्रयोग. वयस्कर बायकांना एवढंच शिकवलं की खोकण्याच्या क्षणभर आधी हे तळाचे स्नायू आवळा. आठवड्याभरात खोकताना होणारी गळती कितीतरी कमी झाली. आठवड्यात स्नायू बळकट होतो का? नाही! त्यांनी कमावली होती ती फक्त वेळ साधण्याची कला.

बळ यायला मात्र निदान तीन महिने लागतात. वारा रोखताना आवळतो तसं आवळायचं, वर ओढायचं, सोडायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. जेवणाच्या टेबलावर बसूनही करता येतं, शेजारच्याला पत्ता लागत नाही.

काहीजणी नकळत उलट खाली जोर देतात, त्याने त्रास वाढतो. म्हणून सुरुवातीला एकदा फिजिओथेरपिस्टकडून खात्री करून घ्या. आणि घरातली एखादी आई, मावशी मोकळं हसायचं टाळू लागली असेल, तर तिला हे आजच सांगा.