इंजेक्शनआधीची चौकशी

शौचाला रक्त पडलं की कर्जतजवळच्या कशेळे गावात पहिला शब्द निघतो ‘मूळव्याध’, नाहीतर ‘आव’. त्यावरची औषधं घेण्यात महिने जातात. काहींना मात्र अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स असतो, आणि तो कळतो आतड्यात दुर्बीण गेल्यावर. म्हणजे मिनीडोअरने कर्जत, मग लोकलने दादर, पुढे परळचं केईएम, असा प्रवास घडल्यावर.

या आजारात शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर उलटते. टीएनएफ नावाचं प्रथिन तिला सतत चिथावत राहतं. स्टेरॉइड आणि इतर गोळ्यांनी भागलं नाही, तर या टीएनएफलाच जखडणारं जैविक औषध देतात. तेही प्रथिनच, त्यामुळे गोळी करून गिळलं तर डाळीसारखं पचून जाईल! १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळालेलं इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, साधारण दोन तास थेंबथेंब देतात. अडालिमुमॅब मांडीत किंवा पोटाच्या कातडीखाली घरीच टोचता येतं. अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४मध्ये त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतंजुळतं औषध, बाजारात आणलं. किंमत उतरली; मोलमजुरी करणाऱ्याच्या आवाक्यात मात्र आली नाही.

शिवाय हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. थर्मासमध्ये बर्फाला चिकटून गोठलं, तर तेही वाया. वीज जाणाऱ्या गावात ही कटकट लहान नाही.

पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. क्षयाचे जंतू कित्येकांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. पेशी त्यांच्याभोवती गाठीची भिंत घालतात, आणि ती भिंत उभी ठेवणारा गवंडी कोण? हाच टीएनएफ! त्याला जखडलं की भिंत ढासळते. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरचे डॉक्टर सावध झाले. आपल्याकडे पेच दुहेरी आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दोन्ही बहुधा लहान आतडं संपतं त्याच कोपऱ्यात बसतात, आणि दुर्बिणीतून सख्खे भाऊ वाटतात.

म्हणून आधी छातीचा एक्स-रे, मग त्वचेची किंवा रक्ताची चाचणी. जंतू दडलेले आढळले तर आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या, आणि सहसा महिनाभराने जैविक औषध. तेव्हा घरात कुणाला कधी क्षय झाला असेल, अगदी आजीला वीस वर्षांपूर्वी का असेना, तर पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा. लाजून लपवू नका.