खांद्याची शस्त्रक्रिया आणि पाच अंकांची भाषा

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन असते. त्यातील कंडरा तुटली, की हात वर उचलणे दुष्कर होते. अमेरिकेत ती सांधल्यावर शल्यचिकित्सकाचे देयक पाच अंकी संकेतांकाने मांडतात. ही संकेतावली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केली. दुर्बिणीतून कंडरा सांधल्यास संकेतांक २९८२७. मग इजा ताजी असो वा जुनी. खांदा उघडून सांधल्यास ताज्या इजेला २३४१० आणि जुन्या इजेला २३४१२. म्हणून शस्त्रक्रियेच्या टिपणात पद्धत व इजेचा काळ स्पष्ट नोंदलेला असावा लागतो. टिपणाशी न जुळणारा संकेतांक विमा कंपनी नाकारू शकते आणि खर्चाचा भार रुग्णावर येऊ शकतो. अचूक नोंद हादेखील रुग्णसेवेचाच एक भाग होय.