काचेच्या टाकीतील फुलपाखरे

लिंबाच्या झाडावर वाढणारा सुरवंट उचलून वडाच्या पानावर ठेवला, तर भोवती हिरवीगार पाने असूनही तो उपाशी मरतो. फुलपाखरांच्या जगातील हा नियम समुद्रातील त्यांच्या नामबंधूंनाही पुष्कळ अंशी लागू पडतो. फुलपाखरू-मासे दिसावयास जितके मोहक, तितकीच त्यांच्या पोटाची गरज काटेकोर. घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते पाळू इच्छिणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट हीच होय.

या कुळात सुमारे १३० जाती आहेत. अंग ताटलीसारखे चपटे. रंग बहुधा पिवळा, पांढरा व काळा. डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा आणि कित्येक जातींत शेपटीकडे डोळ्यासारखा ठिपका. डोके कोणते व शेपूट कोणते, याविषयी शत्रूची फसगत व्हावी, हा त्याचा उपयोग मानला जातो. लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारचे आखात येथील प्रवाळखडकांवर हे मासे पुष्कळदा जोडीने फिरतात. तोंड लहान व पुढे आलेले, दात कुंचल्याच्या केसांसारखे बारीक. असे तोंड म्हणजे जणू चिमटाच.

या चिमट्याने काय टिपावयाचे, याबाबत मात्र जातीजातींत मोठे अंतर आहे. किटोडॉन ट्रायफॅशिॲलिस ही जात जवळजवळ सर्वस्वी ॲक्रोपोरा नावाच्या प्रवाळातील सजीव कण खाऊन जगते. ते प्रवाळ मेले की ती जातही तेथून नाहीशी होऊ लागते. उलट, पाठीच्या परामागे लांब तंतू मिरविणारा किटोडॉन ऑरिगा कृमी, लहान कवचधारी प्राणी, शेवाळ असे नाना प्रकारचे अन्न खातो. पहिला मासा टाकीत आणला, तर तो दगडांना चोच मारल्यासारखे करीत हिंडतो, पाहणाऱ्यास तो चरत आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे पोट दिवसेंदिवस खपाटीला जाते. दुसरा मात्र योग्य व्यवस्थेत वर्षानुवर्षे जगू शकतो.

ही व्यवस्था म्हणजे केवळ मिठाचे पाणी नव्हे. दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान, हे दोन्ही स्थिर हवे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष निर्माण होते. एक प्रकारचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे पुष्कळच निरुपद्रवी असे नायट्रेट. हे जंतू टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणणे म्हणजे त्याला विषात सोडणे. टाकी निदान चार-पाचशे लिटरची असावी. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा, म्हणजे त्याच्याबरोबर रोग शिरत नाही.

खाणे दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे द्यावे. बारीक चिरलेली कोळंबी चालते. बुजलेल्या माशासाठी तिसऱ्या उघडून शिंपलीसकट ठेवल्यास तो सवयीने त्यांना टोचू लागतो. विकत घेण्यापूर्वी दुकानदारास त्या माशाला समोर खाऊ घालावयास सांगावे. जो मासा दुकानात खात नाही, तो घरी खाईल या आशेवर घेऊ नये.

मग प्रवाळभक्षी माशाला प्रवाळच का देऊ नये? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. समुद्रातून ते तोडून आणणे हा गुन्हा आहे. शिवाय १९९८, २०१० व २०१६ साली समुद्र तापल्यामुळे लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. जे अन्न समुद्रातच दुर्मिळ होत आहे, ते दिवाणखान्यात कोठून पुरविणार?

म्हणून मासा निवडताना रंगाआधी आहार विचारावा. ऑरिगासारख्याला घरी आणावे व निगुतीने सांभाळावे. ज्याचे ताट प्रवाळावरच मांडलेले आहे, त्याला त्या ताटावरून उठवू नये. अशा माशावरचे प्रेम त्याला समुद्रातच राहू देण्याने व्यक्त होते.