कट-ऑफ नेमकं काय मोजतो?

धाराशिवची मुलं आम्हाला विचारतात, ‘सर, एवढे मार्क पडूनही आम्ही नापास कसे?’ तर आधी हे समजून घेऊ : ती नापास नाहीतच. पासाची रेषा परीक्षेआधीच ठरलेली असते. कट-ऑफ ठरतो निकालानंतर, शेवटची जागा ज्याला मिळाली त्याच्या गुणांवर. म्हणजे तो बुद्धी मोजत नाही, जागांची टंचाई मोजतो.

वैद्यकीय प्रवेशाचं ७०:३० सूत्र आठवा. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, म्हणून इथला कट-ऑफ चढा. २०२० मध्ये ते सूत्र रद्द झालं. रेषा बदलली ती नियमामुळे, मुलांच्या अभ्यासामुळे नव्हे.

तपासणी चुकली असेल तर बोर्डाला जरूर जाब विचारू. पण जागा किती, हे सरकारला विचारायचं. त्याची शिक्षा आपण स्वतःला का द्यायची?