दुर्रीपुढे एक्का-राजा

पत्त्यांच्या कॅटातला सगळ्यात बापुडा पत्ता म्हणजे दुर्री. आता एकाच्या हातात दोन दुर्र्या द्या, दुसऱ्याच्या हातात इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा द्या, आणि पोकरच्या टेबलावर दोघांना शेवटच्या पत्त्यापर्यंत भिडू द्या. जिंकेल कोण? १०० पैकी ५२-५३ वेळा दुर्र्या!

थांबा, पुढे याहून मोठी गंमत आहे. त्याच दुर्र्यांसमोर चौकटचा गुलाम आणि चौकटची दश्शी आणा. आता दुर्र्या हरतात. गुलाम-दश्शी १०० पैकी सुमारे ५४ वेळा बाजी मारते. मग या गुलाम-दश्शीला एक्का-राजाशी लढवा. एक्का-राजा जवळजवळ ५९ वेळा जिंकतो. म्हणजे एक्का-राजा गुलाम-दश्शीला हरवतो, गुलाम-दश्शी दुर्र्यांना आणि दुर्र्या एक्का-राजाला. चक्क दगड-कागद-कात्री! मग तिघांत भारी कोण? या प्रश्नाला उत्तरच नाही.

तीन पत्ती खेळणाऱ्याला हे पटणार नाही. तिथे ट्रेल म्हणजे ट्रेल, त्याखाली सीक्वेन्स, त्याखाली कलर, मग जोडी. ही उतरंड कधी हलत नाही. कारण तीन पत्तीत हातातले तीन पत्ते म्हणजे पुरा झालेला हात. टेक्सास होल्डेम नावाच्या पोकरमध्ये, जो आज लास वेगासपासून पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजांपर्यंत खेळला जातो, प्रत्येकाला दोनच पत्ते मिळतात. बाकीचे पाच सगळ्यांच्या सामाईक मालकीचे, टेबलाच्या मधोमध उघडे पडणारे: आधी एकदम तीन, मग एक, मग आणखी एक. सातांतले उत्तम पाच धरायचे. म्हणजे सुरुवातीचे दोन पत्ते हा अजून हातच नव्हे. ती नुसती शक्यता आहे, आणि शक्यतांची उतरंड लावता येत नाही.

या शक्यता मोजता मात्र येतात, अगदी शेवटच्या एकापर्यंत. दोघांचे मिळून चार पत्ते ठरले की कॅटात उरतात ४८. त्यांतून पाच पत्ते १७,१२,३०४ प्रकारे पडू शकतात. संगणक हे सगळे प्रकार मांडून बघतो. वरचे आकडे अशा मोजणीतून येतात.

आता दुर्र्या का जिंकतात ते बघा. त्यांची जोडी जन्मतःच जुळलेली आहे. एक्का-राजाला ती जुळवायची आहे, आणि पाच पत्त्यांत ती जेमतेम निम्म्या वेळाच जुळते. गुलाम-दश्शीलाही जोडी जुळायची तेवढीच आशा, पण तिच्याकडे आणखी वाटा आहेत. दोन्ही पत्ते धरून सीक्वेन्स किती प्रकारे होतो? सत्ती ते गुलाम, अठ्ठी ते राणी, नव्वी ते राजा, दश्शी ते एक्का: चार प्रकारे. शिवाय दोघे एकाच रंगाचे, म्हणजे कलरचीही आशा. एक्का-राजाला दोन्ही पत्ते धरून एकच सीक्वेन्स मिळतो, कारण एक्क्याच्या वर काहीच नाही. पण दोघांचीही जोडी जुळली किंवा दोघांचीही हुकली, की त्याच उंचीवरून तो गुलाम-दश्शीला चीत करतो.

तर हा एक्का-राजा तुमच्या हातात आला. ५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात आणि त्यांतल्या १६ एक्का-राजाच्या, म्हणजे साधारण ८३ डावांतून एकदा. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५-३० डाव होतात, म्हणजे सुमारे तीन तासांनी ही पाहुणी येते. तुमच्या आधी कोणीतरी बोली वाढवलेली आहे. तुम्ही काय कराल?

पहिल्या तीन पत्त्यांत तुमची जोडी जुळण्याची शक्यता ३२ टक्के आहे. तीनांतून दोनदा तुम्ही कोरडेच! तरीही जाणती मंडळी इथे बहुतेक वेळा आणखी वाढवतात. असं का? समोर एकच कोणीतरी, कुठलेही पत्ते घेऊन बसलेला असला, तर एक्का-राजा १०० पैकी ६५ वेळा जिंकतो. जसजशी गर्दी वाढते तसतसा हा आकडा घसरत जातो. वाढवलं की गर्दी पांगते. सगळेच पत्ते टाकून गेले तर मग जोडी न जुळताही पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे चिप्स, तुमचा. आणि सगळे चिप्स आताच मधे गेले तर? तर कोणी तुम्हाला मधेच हुसकावू शकत नाही. तीनऐवजी पाचही पत्ते बघायला मिळतात, आणि एक्का-राजाला हवं असतं नेमकं तेच.

पण समोरच्याकडे दोन एक्के असले तर? इथे मला सगळ्यात आवडणारा चमत्कार येतो. चार एक्क्यांतून दोन निवडायचे सहा प्रकार आहेत. त्यातला एक एक्का तुमच्या मुठीत आहे. उरलेल्या तीनांतून प्रकार होतात फक्त तीन. राजांचंही तेच. ज्या दोन हातांची सगळ्यात जास्त धास्ती, त्यांचे बारा प्रकार निम्म्यावर आले, आणि तुम्ही अजून एक चिपही हलवलेली नाही! तुमचे पत्ते समोरच्याच्या हातातलं काढून घेतात.

समजा, समोरचा अगदी जपून खेळणारा आहे आणि तो ऑल-इन म्हणाला, म्हणजे त्याने आपले सगळे चिप्स मधे लोटले. एक्के, राजे, राण्या किंवा एक्का-राजा याखेरीज तो असं करत नाही. मोजा: तीन, तीन, सहा, आणि उरलेल्या पत्त्यांतून एक्का-राजाचे नऊ. एकूण २१. यांतले नऊ तुमचीच सावली आहेत, त्यांच्याशी बहुधा बरोबरी होते. राण्यांशी लढत जवळजवळ तुल्यबळ. खरी दैना सहाच प्रकारांत. एकंदर हिशेबाने तुमचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास येतो. पॉटमध्ये १५० असतील आणि तुम्हाला ७५ भरायचे असतील, तर २२५ मधला तुमचा हिस्सा एक तृतीयांश. म्हणजे ३३ टक्के जिंकलात तरी भागतं. इतक्या जपून खेळणाऱ्यासमोरही कॉल करणं, म्हणजे त्याच्या बोलीइतकं भरणं, योग्य ठरतं!

मग नेहमी वाढवतच जावं का? नाही. तुम्ही फक्त भारी पत्त्यांवर वाढवता हे टेबलाने ओळखलं की तुम्ही वाढवलं रे वाढवलं, सगळे पत्ते टाकून देतील. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने पोकरचं छोटं प्रारूप मांडून दाखवलं की योग्य खेळात हलक्या पत्त्यांवर थाप मारणं अटळच आहे. याचं दुसरं टोक म्हणजे भारी पत्ते घेऊनही कधीकधी नुसता कॉल करून गप्प बसायचं. कधी? ठरवून नव्हे, यदृच्छेने. पण माणसाच्या मनाला यदृच्छा जमत नाही, ते नकळत नक्षी विणतं. १९९५ चा जगज्जेता डॅन हॅरिंग्टन याने आपल्या पुस्तकात यावर सुंदर तोड सांगितली: मनगटावरचं घड्याळ बघा. ८० टक्के वेळा वाढवायचं असं तुमचं ठरलंय? मग सेकंदकाटा पहिल्या ४८ सेकंदांत दिसला तर वाढवायचं, उरलेल्या १२ सेकंदांत दिसला तर नुसता कॉल.